लक्ष्मी रोडवरचा फोटो मोबाईलवरही तसाच दिसावा म्हणून: फोटो लहान करण्याची पूर्ण पद्धत

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पथकातल्या एका मुलीचा फोन आला. "ताई, काल तुम्ही कॅमेऱ्यात दाखवला होतात तोच फोटो आहे ना हा? ग्रुपवर अगदीच पुसट दिसतोय. ताशाच्या काड्या तर कळतच नाहीयेत." फोटो तोच होता. बेलबाग चौकातून मिरवणूक लक्ष्मी रोडला लागताना काढलेला: पुढे ताशा वाजवणारी ती, मागे ढोलांची रांग, हवेत गुलाल. कॅमेऱ्यात तो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, जवळपास १२ एमबीचा होता. रात्री दमून घरी आल्यावर मी चाळीस फोटो जसेच्या तसे ग्रुपवर टाकले होते आणि ॲपने आपल्या सोयीने ते दाबून लहान केले होते.

गणपतीत, पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा, लग्नसराईत हाच प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतं. म्हणून सगळी पद्धत एकदा नीट लिहून काढते आहे. ऑनलाइन जाणारा जवळजवळ प्रत्येक फोटो वाटेत कुठेतरी लहान होतोच. ते काम ॲपवर सोडलं की कुठलाही फोटो असो, एकाच साच्यातून काढला जातो. तुम्ही स्वतः केलंत तर कुठे किती तडजोड करायची ते तुमच्या हातात राहतं. एका फोटोला पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील, हात बसला की दोन.

पिक्सेल, एमबी आणि डीपीआय यांची गल्लत

हे तीन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात आणि निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

पिक्सेल म्हणजे फोटोतले ठिपके. ६००० बाय ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात. एक आकडा म्हणजे एक बाइट आणि दहा लाख बाइट म्हणजे एक एमबी, म्हणजे काहीही न दाबता हा फोटो साठवला तर ७२ एमबी होईल. कॅमेऱ्याने तो १२ एमबीत बसवला, कारण जेपेग पद्धत डोळ्याला सहज कळणार नाही असा तपशील टाकून देते. तेव्हा फोटो "लहान" करण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत: ठिपके कमी करणं आणि आहेत त्या ठिपक्यांना जास्त दाबणं. बरेच जण ठिपके तेवढेच ठेवून सेव्ह करतानाचा क्वालिटीचा आकडा (१०० पैकी) ३० वर आणतात. एमबी कमी होतात खरे, पण आकाशात चौकोन दिसायला लागतात आणि चेहऱ्यावर मेण फासल्यासारखं होतं. क्रम कायम हाच ठेवा: आधी ठिपके कमी, मग दाबणं.

डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे तो आकडा. तो फक्त कागदासाठी आहे. १०८० पिक्सेल रुंदीच्या फोटोवर ७२ लिहा नाहीतर ३०० लिहा, मोबाईलवर तो तंतोतंत सारखाच दिसतो. वेबसाइटसाठी कोणी "३०० डीपीआयचा फोटो द्या" म्हटलं तर त्यांना विचारा, रुंदी किती पिक्सेल हवी? कामाचा आकडा तोच.

सुरुवात मूळ फोटोची प्रत काढून

ही पायरी मी एकदा गाळली होती, ते सांगते. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाचा, कोरीव लाकडी सज्जाचा एक फोटो माझ्याकडे होता. पाऊस नुकताच थांबलेला, लाकूड ओलं, त्यामुळे नक्षीची रेघ न् रेघ उठून आलेली. तो मी १०८० पिक्सेलचा केला आणि सवयीने "सेव्ह" दाबलं. मूळ फाइलवरच. कार्ड तोवर फॉरमॅट झालं होतं. वर्षभराने मावसबहिणीने नव्या घरासाठी १८ बाय १२ इंचाची प्रिंट मागितली. तेवढ्या प्रिंटला ३०० डीपीआयने ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात आणि मूळ फोटोत ते आरामात होते. माझ्या हातात राहिलेल्या फाइलमधून इंचाला फक्त ६० पिक्सेल मिळत होते. ती प्रिंट झाली नाही. वाड्याचे फोटो पुन्हा काढता येतात, तो उजेड पुन्हा मिळाला नाही.

म्हणून आधी दोन फोल्डर करा, "मूळ" आणि "शेअर". संगणकावर "सेव्ह"च्या ऐवजी नेहमी "सेव्ह ॲज" किंवा "एक्स्पोर्ट" वापरा आणि नावातच आकार लिहा, उदाहरणार्थ "विसर्जन_०४२_१०८०". गुगल फोटोजवर भरवसा ठेवून असाल तर सेटिंग एकदा तपासा. तिथे "स्टोरेज सेव्हर" निवडलेलं असेल तर फोटो आणखी दाबून साठवले जातात आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा (१ कोटी ६० लाख ठिपक्यांपेक्षा) मोठे फोटो तेवढ्यावर आणले जातात. "ओरिजिनल क्वालिटी" निवडली तरच मूळ फोटो मूळ राहतो.

याच कारणाने व्हॉट्सॲपवर आलेला फोटो घेऊन त्यावर काम करू नका. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. एकदा गेलेला तपशील कुठल्याही मोठं करण्याच्या ॲपने परत येत नाही. नवी ॲप्स अंदाजाने पापण्या आणि केस रंगवून देतात, पण ते त्या माणसाचे नसतात. आजीच्या जुन्या फोटोवर तर हा प्रयोग मी कधीच करणार नाही.

आधी कापणं, मग आकार

क्षितिज तिरकं असेल तर सरळ करणं, उजेड-रंग सुधारणं, नको ते कडेचं कापणं ही सगळी कामं पूर्ण आकाराच्या फोटोवर करा. ठिपके भरपूर असताना केलेला बदल लहान झाल्यावर मऊसूत दिसतो. लहान फोटोवर तोच बदल केला की रंगांच्या छटा तुटतात.

कापताना तो कुठे जाणार ते डोक्यात ठेवा. बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ प्रमाणात असतो, मोबाईलचा बहुधा ४:३. इन्स्टाग्रामवर उभा फोटो ४:५ प्रमाणात चांगली जागा घेतो, २०२५ पासून ३:४ प्रमाणही चालतं. आमच्या ताशावालीचा फोटो आडवा होता. त्यातून ४:५ चा उभा तुकडा कापला तर ३२०० बाय ४००० पिक्सेल हाती येतात, म्हणजे कापूनसुद्धा गरजेच्या तिप्पट रुंदी शिल्लक.

रुंदी आणि उंचीच्या मध्ये साखळीचं चिन्ह असतं. ते बंद, म्हणजे जोडलेलंच राहू द्या. ते उघडून आडवा फोटो चौकोनात कोंबला की माणसं बसकी होतात. मंडळांच्या फ्लेक्सवर अशी किती तरी माणसं पाहून वाईट वाटतं.

कुठे किती पिक्सेल

इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी रुंदी १०८०. उभा ४:५ असेल तर १०८० बाय १३५०, ३:४ असेल तर १०८० बाय १४४०, स्टोरीसाठी १०८० बाय १९२०. त्याहून मोठा दिलात तर ते स्वतः लहान करतात, म्हणजे तुमची मेहनत वाया.

फेसबुकसाठी लांब बाजू २०४८. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवताना लांब बाजू साधारण १६०० वर आणतं, म्हणून ग्रुपसाठी मी १६०० चीच फाइल करते. आपण नेमका तोच आकार दिला की निदान ठिपके कमी करण्याचं काम तरी आपल्या हातून झालेलं असतं. ब्लॉगसाठी किंवा दुकानाच्या वेबसाइटसाठी लांब बाजू १६०० ते २००० पुरेशी. ईमेलने घरच्यांना पाठवायचा असेल तर २००० पुरे, कारण फुल एचडी स्क्रीन १९२० बाय १०८० चीच असते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मूळ फोटोच ९०० पिक्सेलचा असेल तर तो १०८० करू नका. तसाच जाऊ द्या.

लहान करताना आत काय होतं

हा भाग मी सविस्तर लिहिते आहे, कारण गुणवत्ता बहुतेक वेळा इथेच हरवते.

३२०० पिक्सेल रुंदीचे १०८० करायचे म्हणजे दर तीन ठिपक्यांचा एक. आडवे तीन, उभे तीन, असे नऊ ठिपके मिळून एक नवा ठिपका. त्या नवीन ठिपक्याचा रंग कसा ठरवायचा, याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. सगळ्यात ओबडधोबड पद्धत नऊपैकी एक उचलते आणि आठ फेकून देते. तिचं नाव "निअरेस्ट नेबर". "बायलिनिअर" आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी काढते. "बायक्यूबिक" आणि "लँझोस" जास्त मोठा परिसर बघतात आणि कडा कुठे आहे याचं भान ठेवतात. फोटोसाठी या शेवटच्या दोनपैकी एक निवडा.

फरक पाहायचा असेल तर ढोल पाहा. ढोलाच्या अंगावर दोऱ्या तिरक्या आवळलेल्या असतात. माझ्या फोटोत एक दोरी साधारण सहा ठिपके जाड होती, लहान झाल्यावर ती दोन ठिपक्यांची होणार. पहिल्या पद्धतीने केलं तेव्हा दोरीच्या जागी जिना उभा राहिला: दोन ठिपके उजवीकडे, एक खाली, पुन्हा दोन उजवीकडे, मधेच एक गायब. लँझोसने केलं तेव्हा दोरीच्या दोन्ही बाजूंना अर्धवट करड्या रंगाचे ठिपके आले आणि डोळ्याला ती सलग, ताणलेली दोरी दिसली. दोन्ही फाइल्स शंभर टक्के झूमवर शेजारी उघडा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा कधी कोणी सांगावं लागत नाही.

दुसरी अडचण कापडाची. पथकातल्या मुली नऊवारी नेसतात. इरकलीच्या बारीक चौकड्या किंवा काठाची दाट वीण लहान करताना कधी कधी कापडावर नसलेल्या लाटा उमटतात. वीण नव्या ठिपक्यांपेक्षाही बारीक झालेली असते म्हणून असं होतं. उपाय असा: मूळ फोटोच्या प्रतीवर फक्त त्या साडीपुरता भाग निवडून किंचित ब्लर द्या, एखादा पिक्सेल पुरे, आणि मग लहान करा. कापडाच्या दुकानांचे फोटो काढणाऱ्यांनी ही युक्ती जरूर वापरावी, कारण गिऱ्हाईक फोटोतल्या लाटांना डिझाइन समजतं.

आता हातातल्या साधनावर हे कसं करायचं ते.

फोटोशॉपमध्ये "इमेज" मेनूतून "इमेज साइझ" उघडा, एकक पिक्सेल ठेवा, "रिसॅम्पल"वर खूण असू द्या आणि त्याच्या यादीतून "बायक्यूबिक शार्पर" निवडा. ती लहान करण्यासाठीच दिलेली आहे. कडा फारच टोकदार वाटल्या तर साधी "बायक्यूबिक" घ्या.

पैसे न मोजता तेवढंच चांगलं काम हवं असेल तर गिंप हे सॉफ्टवेअर. "इमेज", "स्केल इमेज", रुंदी लिहा, "इंटरपोलेशन"मध्ये "क्यूबिक" किंवा "नोहॅलो" निवडा, "स्केल" दाबा. विंडोजच्या जुन्या, हळू संगणकावर मी इरफानव्ह्यू सुचवते. १९९६ पासून चालत आलेलं हे छोटं सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी फुकट आहे. कंट्रोल आणि आर दाबलं की आकाराची खिडकी उघडते. तिथे "रिसॅम्पल" निवडा आणि फिल्टर म्हणून "लँझोस". "रिसाइझ" नावाचा जो वेगाचा पर्याय शेजारी असतो तो नको, जिना तिथूनच येतो.

फक्त मोबाईल असेल तर ब्राउझरमध्ये स्क्वूश ही साइट उघडा. गुगलच्या क्रोम विभागातल्या लोकांनी २०१८ मध्ये ते बनवलं. फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही, सगळं काम तुमच्या मोबाईलमध्येच होतं, म्हणून घरच्या फोटोंसाठी मला ते निर्धास्त वाटतं. "रिसाइझ" सुरू करा, पद्धत "लँझोस" ठेवा, रुंदी लिहा. मधली पट्टी बोटाने सरकवली की एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा फोटो दिसतो. शिकायला याच्यासारखं दुसरं साधन नाही.

आणखी एक: ६००० वरून एकदम १०८० वर या. आधी ४०००, मग २०००, मग १०८० असं करत प्रत्येक टप्प्यावर जेपेग सेव्ह करत बसलात तर दर वेळी थोडं नुकसान होत जातं. इन्स्टाग्रामची फाइल मूळ फोटोवरून, व्हॉट्सॲपची फाइलही मूळ फोटोवरूनच. एका लहान फाइलवरून दुसरी लहान फाइल करायची नाही.

थोडी धार

लहान झालेला फोटो नेहमी जरा मऊ वाटतो, कारण नऊ ठिपक्यांची सरासरी निघाली. म्हणून शार्पनिंग, म्हणजे कडांना धार देणं, आकार कमी केल्यानंतर, अगदी शेवटी करायचं. आधी केलेलं शार्पनिंग लहान करताना बरंचसं पुसलं जातं.

फोटोशॉपमधल्या "अनशार्प मास्क"साठी माझे आकडे: १०८० च्या फोटोला अमाउंट ६० ते ८०, रेडियस ०.३ ते ०.५, थ्रेशोल्ड १ किंवा २. गिंपमध्ये रेडियस आपोआप ३ असते, लहान फोटोला ती फार होते. ०.६ च्या आसपास आणा आणि अमाउंट ०.४ ठेवा. लाइटरूम या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करत असाल तर "आउटपुट शार्पनिंग"मध्ये "स्क्रीन" आणि "स्टँडर्ड" निवडलं की काम झालं.

जास्त झालं हे ओळखायची जागा म्हणजे केसांची आणि आकाशाची सीमा. तिथे पांढरी बारीक रेघ दिसली की आकडा कमी करा. चेहऱ्यावर घामाचे थेंब खड्यांसारखे दिसायला लागले तरी तेच. रात्रीच्या फोटोत, विशेषतः हॅलोजनच्या उजेडात काढलेल्या, दाणे असतात. त्यांना धार दिली की तेच पुढे येतात. अशा फोटोला मी शार्पनिंग निम्मंच देते.

सेव्ह करताना: गुलालाची गोष्ट

जेपेगचं मानक १९९२ सालचं. ते फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील क्वालिटीच्या आकड्यानुसार कमी करतं. म्हणून फार दाबलेल्या फोटोत चौकोन दिसतात. फोटोसाठी क्वालिटी ८० ते ८५ पुरते. पुढे ॲप पुन्हा दाबणार असेल तर मी ९० देते, म्हणजे त्याच्या दाबण्याला चांगला माल मिळतो. १०० देऊन फाइल फुगण्यापलीकडे फारसं काही होत नाही. एका सॉफ्टवेअरचा ८० आणि दुसऱ्याचा ८० सारखा असेलच असं नाही, तेव्हा शेवटचा निर्णय डोळ्यांवर सोडा.

आता गुलाल. त्या फोटोत ताशावालीच्या काळ्या केसांत, कपाळावर, खांद्यावर गुलाल होता. पहिल्यांदा सेव्ह केलं तेव्हा केस ठीक, डोळे ठीक, पण गुलालाच्या कडा विरघळून केसांत पसरल्या. मागच्या भगव्या ध्वजाची कडही दातेरी झाली. कारण असं की आपला डोळा उजेड-अंधाराला तीक्ष्ण आणि रंगाला मंद आहे, याचा फायदा घेऊन जेपेग बऱ्याचदा उजेडाची माहिती पूर्ण ठेवतं आणि रंगाची माहिती आडवी निम्मी, उभी निम्मी, म्हणजे पाव करून टाकतं. झाडं, डोंगर, पर्वतीवरून दिसणारं शहर असल्या फोटोत हे कळतही नाही. काळ्यावर भडक लाल आला की लगेच कळतं.

यावर उपाय आहे. गिंपमध्ये एक्स्पोर्ट करताना प्रगत पर्यायांत "सबसॅम्पलिंग" दिसतं, तिथे ४:४:४ निवडा, म्हणजे रंगाची माहिती पाव न होता पूर्ण राहते. इरफानव्ह्यूमध्ये जेपेगच्या खिडकीत क्रोमा सबसॅम्पलिंग बंद करायची खूण आहे. फाइल थोडी मोठी होते, पण गुलाल गुलाल राहतो. गणपती, हळदी-कुंकू, लाल शालू, होळी या फोटोंना हे न विसरता करा. इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲप पुढे रंग पुन्हा दाबू शकतात, तरी आपल्याकडून जाणारी फाइल स्वच्छ असली की फरक पडतो, आणि वेबसाइटवर तर जशी दिली तशीच दिसते.

अक्षरं असलेल्या गोष्टी, म्हणजे निमंत्रणपत्रिका, मंडळाचं वेळापत्रक, स्क्रीनशॉट, जेपेगमध्ये देऊ नका. अक्षरांभोवती धूळ उठते. त्यांना पीएनजी. स्वतःची वेबसाइट असेल तर वेबपी हा पर्याय चांगला, सारख्याच दर्जाला फाइल बहुधा लहान होते. ग्रुपवर मात्र जेपेगच बरा, कोणाच्याही मोबाईलवर उघडतो. आयफोनचे हेइक प्रकारचे फोटो जुन्या संगणकांवर अडतात, तेही जेपेग करूनच द्या.

रंग आणि पत्ता

कॅमेऱ्यात किंवा लाइटरूममध्ये कलर स्पेस, म्हणजे फोटोतला कुठला आकडा कुठला रंग ते ठरवणारी पद्धत, "ॲडोबी आरजीबी" असेल तर ती न समजणाऱ्या ॲपमध्ये भगवा विटकरी दिसतो. शेवटच्या फाइलसाठी "एसआरजीबी" हवं. फोटोशॉपमध्ये "एडिट", "कन्व्हर्ट टू प्रोफाइल". शेजारीच "असाइन प्रोफाइल" आहे, ते दाबू नका, त्याने आकडे तेच राहून रंग बदलतात. कन्व्हर्टच दाबा.

मोबाईलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असू शकतात. घरातल्या बारशाचा फोटो, शाळेच्या दारातला मुलांचा फोटो यांबरोबर तो पत्ताही जातो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर सोबत जाते. एक्स्पोर्ट करताना "मेटाडेटा" किंवा "लोकेशन" वरची खूण काढा. मुलांच्या फोटोंबाबत मी यात कधीच हयगय करत नाही.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर फोटो निवडल्यावर वर "एचडी" दिसतं, ते दाबा. २०२३ पासून ही सोय आहे. दर वेळी दाबायचं नसेल तर सेटिंग्जमध्ये "स्टोरेज अँड डेटा" खाली "मीडिया अपलोड क्वालिटी" एचडी करून ठेवा. एचडीतही दाबणं होतंच, फक्त कमी. अजिबात बदल नको असेल तर क्लिपच्या चिन्हातून "डॉक्युमेंट" निवडा आणि फोटोची फाइल पाठवा. छापखान्याला फोटो देताना हाच मार्ग, किंवा ड्राइव्हची लिंक. आप्पा बळवंत चौकातल्या छपाईवाल्यांकडे व्हॉट्सॲपचा दाबलेला फोटो घेऊन गेलात तर तेही आधी मूळ फोटोच मागतील. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्येही मीडिया क्वालिटीखाली "अपलोड ॲट हायेस्ट क्वालिटी" आहे, ते सुरू करा.

अर्जासाठी २० ते ५० केबी

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांची गरज वेगळी असते. बँकांच्या आयबीपीएस परीक्षांच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा, सही १४० बाय ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची असं मागतात. प्रत्येक परीक्षेचे आकडे जाहिरातीत नीट वाचा. इथेही क्रम तोच: आधी चेहऱ्याभोवती योग्य प्रमाणात कापा, मग नेमके पिक्सेल लिहा, मग क्वालिटी सरकवत केबी मर्यादेत आणा. स्क्वूशमध्ये फाइलचा आकार खाली लगेच दिसत राहतो. एवढ्या लहान फोटोत ९० क्वालिटीलासुद्धा २० केबी भरत नाहीत असं कधी कधी होतं, तेव्हा क्वालिटी वाढवा, पिक्सेल वाढवू नका. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने, दिवसाच्या उजेडात, सावली न पडता काढलेली असावी. अंधारात काढलेली सही दाबल्यावर करड्या डागासारखी होते आणि अर्ज परत येऊ शकतो.

तीनशे फोटो एकदम

मिरवणुकीचे तीनशे फोटो कोणी एकेक करत बसत नाही. इरफानव्ह्यूमध्ये बी दाबा, बॅचची खिडकी उघडते. उजवीकडून "मूळ" फोल्डरमधले फोटो यादीत घ्या, जाण्याचं ठिकाण "शेअर" फोल्डर ठेवा. "ॲडव्हान्स्ड"मध्ये लांब बाजू १६०० लिहा, प्रमाण राखायची खूण करा, लहान फोटो मोठे करू नका अशी खूण करा, रिसॅम्पलवर खूण करा. जेपेगच्या पर्यायांत क्वालिटी ९०. उभे-आडवे फोटो मिसळलेले असले तरी चालतं, कारण आपण रुंदी लिहिलेली नाही, लांब बाजू लिहिली आहे. आधी पाच फोटोंवर करून बघा, ते शंभर टक्के झूमवर तपासा, मगच सगळे सोडा.

यंदा मी असंच केलं. चहा होईपर्यंत तीनशे फोटो तयार झाले. निवडक बारा मात्र हाताने केले, गुलालाचे ४:४:४ ठेवून. पाठवण्याआधी आईच्या जुन्या, लहान स्क्रीनच्या मोबाईलवर आणि भावाच्या नव्या मोबाईलवर ते उघडून पाहिले. दोन्हीकडे ताशाच्या काड्या मोजता येत होत्या. मग ग्रुपवर एचडी करून टाकले आणि त्या मुलीला तिचा फोटो डॉक्युमेंट म्हणून वेगळा पाठवला, ६००० बाय ४००० चा, जागेची माहिती काढून.